'सोपं, मॉडर्न, एक्सेलसारखं, रिपोर्ट वगैरे सगळे': अशा मागणीवर काम कुठून सुरू करायचं?

कोरापान

खालचा मजकूर नमुना म्हणून घ्या. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, पण सॉफ्टवेअर आणि डिझाइनच्या बऱ्याच कामांची सुरुवात अशाच मेलने होते:

"गोदामातल्या मालाची नोंद ठेवणारं अ‍ॅप हवं आहे. दिसायला मॉडर्न, वापरायला एकदम सोपं, एक्सेलसारखं. फास्ट चाललं पाहिजे. रिपोर्ट वगैरे सगळे. सध्या साधंच करा, पुढे वाढवू. अंदाजे खर्च आणि वेळ कळवा."

यात मोजता येईल अशी एकही गोष्ट नाही. माझं मत असं की एवढ्यावर एस्टिमेट देऊच नये. क्लायंटला पन्नास-साठ प्रश्नांचा फॉर्म पाठवावा आणि तो भरून आला की मगच पुढचं बोलावं.

तुमच्याकडून हवं आहे ते असं: पहिल्या भेटीत काय विचारायचं, आकडा मागितलाच तर काय सांगायचं, आणि डिझाइन दाखवल्यावर 'अजून मजा येत नाहीये' असं उत्तर आलं तर पुढे काय?

अर्धविराम

उत्तर सोपं आहे. खर्च: साधा. वेळ: फास्ट. इतर तपशील: वगैरे. पाठवून द्या. :)

सुतारपक्षी

फॉर्मच्या बाबतीत असहमत. फॉर्ममध्ये 'हो' लिहायला पैसे पडत नाहीत, म्हणून सगळीकडे 'हो' येतं. नेट नसताना चालायला हवं का? हो. अनेक भाषा? हो. मोबाइलवर? हो. यातला पहिला 'हो' एकटाच कामाचा आकार बदलून टाकतो. दोघांनी नेट नसताना एकाच मालाची नोंद केली, तर नेट आल्यावर कोणाची खरी धरायची हे ठरवावं लागतं, आणि ते क्लायंटनेच ठरवावं लागतं. फॉर्ममध्ये मात्र त्याची जागा म्हणजे एक चौकोन आणि एक टिक.

त्यापेक्षा दोन गोष्टी मागा. पहिली म्हणजे आज वापरात असलेली एक्सेलची फाइल. कोरा नमुना नको, आकडे भरलेली, वापरून मळलेली हवी. दुसरी म्हणजे घडलेला एक प्रसंग: 'मागच्या वेळी साठा जुळला नाही तेव्हा ते आधी कोणाच्या लक्षात आलं, कशावरून आलं, आणि मग कोणी काय केलं?' 'तुम्हाला काय हवं आहे' या प्रश्नाला माणूस इच्छा सांगतो. घडलेलं विचारलं की कामाची पद्धत सांगतो.

फाइल उघडल्यावर कुठे बघायचं तेही लिहितो, कारण अर्ध्या रिक्वायरमेंट (कामाच्या मागण्या) तिथेच पडलेल्या असतात.

हाताने रंगवलेल्या ओळी बघा. पिवळा म्हणजे काय, लाल म्हणजे काय विचारा. तो रंग म्हणजे मालाची स्थिती असते आणि तिच्यासाठी कॉलमच नसतो. एकाच खान्यात '१२ बॉक्स + ३ सुटे' असं लिहिलेलं दिसलं, तर एककांचं रूपांतर हवं आहे हे मेलमध्ये नसलं तरी हवंच आहे. आणि एका बॉक्समध्ये किती नग हे प्रत्येक मालाला वेगळं, कधी कधी एकाच मालाच्या दोन खेपांनाही वेगळं. लपवलेले कॉलम उघडा. खान्यांना चिकटवलेल्या टिपा वाचा, नियमांचे अपवाद तिथे लिहिलेले असतात. सूत्र असलेल्या कॉलममध्ये मधेच एखादा आकडा हाताने भरलेला असेल तर तो का भरला ते विचारा. त्याला कोणीतरी 'अ‍ॅडजस्टमेंट' म्हणतं, आणि ते करायचा अधिकार कोणाला हा पुढे मोठा प्रश्न होतो.

गेरू

सुतारपक्षी, फाइलबद्दल +१. डिझाइनवाल्यांनीही ती बघावी. सगळ्यात लांब मालाचं नाव किती अक्षरांचं आहे हे तिथेच कळतं. बारा अक्षरांचा गोंडस नमुना घालून केलेली स्क्रीन खरं नाव आलं की तीन ओळींत मोडते.

पाणकावळा

हे सगळं जुन्या पद्धतीचं चाललंय. आधी सगळं लिहा, सही घ्या, मग बांधा. जगाने हे केव्हाच सोडलं. दोन आठवड्यांत चालतं काहीतरी दाखवा, चुकलं तर बदला. क्लायंटला काय नको आहे हे समोर बघितल्याशिवाय कळत नाही, त्याला कागद दाखवून उपयोग नाही.

खुणेचादगड

पाणकावळा, अर्धं पटलं. पण 'मागणी अस्पष्ट आहे' म्हणताना आपण तीन वेगळ्या दुखण्यांना एकच नाव देतोय, आणि तुमचं औषध त्यातल्या एकालाच लागू पडतं.

काही गोष्टी क्लायंटला पक्क्या माहीत असतात, पण इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात की सांगण्यासारख्या वाटत नाहीत. काही गोष्टी त्याने अजून ठरवलेल्याच नसतात. आणि काहींवर त्यांच्यातच एकमत नसतं. गोदामवाल्याला नोंद झटपट हवी, हिशेबवाल्याला ती पुरी भरलेली हवी, आणि दोघांचं ते भांडण 'सोपं पाहिजे' या शब्दाखाली झाकलेलं असतं.

ओळखायचं कसं? तोच प्रश्न दोन माणसांना वेगवेगळं गाठून विचारा. 'परत आलेला माल साठ्यात कधी धरता?' दोघंही 'हे काय विचारणं झालं' अशा चेहऱ्याने एकच उत्तर देतात, ते पहिलं दुखणं. दोघंही 'तसा प्रश्नच आला नाही' म्हणतात, ते दुसरं. दोघं ठामपणे वेगळी उत्तरं देतात, ते तिसरं.

पहिल्यावर प्रश्न विचारून फायदा नाही. माल उतरताना, मोजताना, बाहेर जाताना दोन-तीन तास शेजारी उभं राहून बघायचं. हातातला कागद कुठला, त्यावर कोण काय खरडतं, तो नंतर कुठे जातो. दुसऱ्यावर तुमचं 'करून दाखवा' बरोबर, फक्त पर्याय दोन किंवा तीन हवेत, आणि प्रत्येकाबरोबर 'हे घेतलं तर ते मिळणार नाही' हे वाक्य हवं. तिसऱ्यावर मात्र करून दाखवणं उलटं बसतं. तुम्ही जे कराल ते कोणा एकाच्या बाजूचं होतं, दुसरा 'असं नको होतं' म्हणतो, पुढच्या दोन आठवड्यांत पहिला तेच म्हणतो. कोड दोघांच्या मधे चेंडूसारखा फिरत राहतो. तिथे दोघांना एका स्क्रीनसमोर बसवून निर्णय होईपर्यंत त्या भागाला हात लावू नये.

अर्धविराम

तिसऱ्या दुखण्याला घरोघरी वेगळं नाव आहे, इथे लिहित नाही.

पाणकावळा

तीन प्रकारांची विभागणी चांगली आहे, मान्य. तरीही कागदपत्रांचा डोंगर नको एवढंच म्हणणं.

सुतारपक्षी

डोंगर कोणालाच नकोय. गंमत अशी की ज्याला लोक वॉटरफॉल (एक पायरी पुरी करूनच पुढची घेण्याची पद्धत) म्हणून दाखवतात त्या सॉफ्टवेअर अभियंते विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या निबंधातच 'एका सरळ रेषेत उतरत जाणं' धोक्याचं आहे असं म्हटलंय, आणि नव्या प्रकारचं सॉफ्टवेअर असेल तर ते दोनदा करावं असा सल्ला आहे. पहिली खेप शिकण्यासाठी, दुसरी देण्यासाठी. म्हणजे तुमचा मुद्दा १९७० चाच आहे. :)

प्रश्न 'आधी किती लिहायचं' हा नाहीच. कुठली गोष्ट नंतर स्वस्तात बदलते आणि कुठली बदलत नाही, ते बघायचं. बटणाची जागा, रंग, स्क्रीनचा क्रम, मेलचा मजकूर हे केव्हाही बदला. पण गोदाम एक की अनेक, माल मोजण्याची एककं, नेटशिवाय चालणं, कोणी काय बघायचं याचे अधिकार, आणि जुन्या तारखेचा साठा दिसायला हवा की नाही, ही पाच उत्तरं डेटाच्या रचनेत शिरतात. ती उशिरा बदलली की भरलेला डेटा उलगडून पुन्हा विणावा लागतो.

मेलमधलं 'सध्या साधंच, पुढे वाढवू' इथेच चावतं. 'पुढे' म्हणजे काय काय, याची यादी क्लायंटकडून दहा मिनिटांत घ्या. त्यातलं जे डेटाची रचना बदलेल त्याची फक्त जागा आज ठेवा, उदाहरणार्थ प्रत्येक नोंदीला गोदामाचा क्रमांक, गोदाम एकच असलं तरी. बाकी काही आधीच बांधून ठेवू नका. त्यातलं निम्मं कधी मागितलंच जात नाही.

तिसरीघंटा

टेस्टिंगच्या बाजूने 'फास्ट'बद्दल.

'फास्ट' हा शब्द तसाच आला तर टेस्टरला ना पास म्हणता येतं ना नापास. तो पुरा करायला कुठली क्रिया, किती डेटा, किती जण एकाच वेळी, कुठलं उपकरण व नेट, आणि किती वेळा किती सेकंदांत हे सगळं लागतं. नमुना: 'मालाचं नाव टाकल्यावर यादी दिसणे: ५ लाख नोंदी असताना, ५० जण वापरत असताना, मोबाइल डेटावर, १०० पैकी ९५ वेळा १ सेकंदाच्या आत.'

सरासरी लिहू नका, ती फसवते. १०० पैकी ९० वेळा ०.२ सेकंद आणि १० वेळा ८ सेकंद लागले तरी सरासरी ०.९८ येते. कागदावर 'एका सेकंदाच्या आत', आणि दर दहावा माणूस शिव्या देतोय.

आकडा कुठून आणायचा असा प्रश्न येतो. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या तीन मर्यादा सुरुवातीला पुरतात. ०.१ सेकंदापर्यंत लगेच झाल्यासारखं वाटतं, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, १० सेकंदांनंतर माणूस दुसऱ्या कामाला लागतो. मग क्लायंटला विचारायचं की बारकोड स्कॅन कुठल्या गटात, महिन्याचा रिपोर्ट कुठल्या. स्कॅनला तो पहिला गट म्हणेल, रिपोर्टला तिसराही चालेल. तंत्रज्ञान न कळणारा माणूसही हे लगेच सांगतो.

'सतत चालू पाहिजे' याचंही तेच. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला सुमारे पावणेनऊ तास बंद चालेल. ९९.९९ टक्के म्हणजे सुमारे ५३ मिनिटं. नुसते टक्के दाखवले तर सगळे मोठा आकडा निवडतात. तास-मिनिटं आणि त्यापुढे खर्च लिहिला की उत्तर बदलतं.

निळीशाई

वाचनखूण साठवली. एक शंका: 'एक्सेलसारखं' याचं काय करायचं? त्याला तर आकडाच नाही.

खुणेचादगड

निळीशाई, मोक्याचा प्रश्न. 'एक्सेलसारखं' म्हणणाऱ्याच्या डोक्यात पुढच्यापैकी एक-दोनच गोष्टी असतात, पण कुठल्या ते तो सांगत नाही: शंभर ओळी एकदम पेस्ट करता येणं, माउसला हात न लावता टॅब आणि बाणांनी भरत जाणं, चुकलं तर मागे घेणं, हवा तो कॉलम स्वतः वाढवणं, गाळून-क्रम लावून बघणं, फाइल मेलला जोडून पाठवणं. मागे घेण्याचं काम सोपं वाटतं आणि सगळ्यात अवघड तेच निघतं. पाच जण एकाच साठ्यावर काम करताना तुम्ही तुमची नोंद मागे घेतली, तोवर त्यातला माल दुसऱ्याने बाहेर पाठवलेला असतो.

आणि एक गोष्ट क्लायंट कधीच तोंडाने म्हणत नाही: एक्सेल अडवत नाही. अर्धी ओळ भरून ठेवली तरी चालते. आपण अ‍ॅपमध्ये सहा खाने अनिवार्य करतो, गाडी दारात उभी असते, पावती क्रमांक अजून आलेला नसतो. मग लोक तिथे '०००' भरतात नाहीतर पुन्हा कागदाकडे वळतात. म्हणून विचारायचं असं: 'एक्सेलमधलं काय गेलं तर तुमचं काम अडेल?' आणि लगेच: 'एक्सेलच्या कुठल्या मोकळीकीमुळे साठा चुकतो?' बऱ्याचदा दोन्ही उत्तरं एकच येतात. तोडगा म्हणजे 'अपुरी नोंद' ही अधिकृत स्थिती ठेवणं. माल साठ्यात दिसेल, पण नोंद पुरी होईपर्यंत बाहेर जाणार नाही. अर्थात हा नियमही विचारूनच घालायचा.

अर्धविराम

'फाइल मेलला जोडून पाठवणं' म्हणजे शेवटी एक्सेलच. हसून हसून पुरेवाट.

नऊवाजता

खर्च आणि वेळेबद्दल कोणी बोललं नाही अजून. कोरापान, 'एस्टिमेट देऊच नये' हे व्यवहारात टिकत नाही. समोरच्याला मंजुरीसाठी काहीतरी आकडा लागतो, तुम्ही दिला नाहीत तर दुसरा कोणी मनाने देतो.

एकच आकडा मात्र देऊ नये. सॉफ्टवेअरच्या खर्चाचे अभ्यासक बॅरी बोहम यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या आलेखानुसार अगदी सुरुवातीचा अंदाज चौपटीपर्यंत वर किंवा पावपटीपर्यंत खाली चुकू शकतो. म्हणजे आज '८ आठवडे' वाटणारं काम २ ते ३२ यात कुठेही बसू शकतं. एवढा पल्ला सांगितला तर क्लायंट हसेल. म्हणून काम दोन तुकड्यांत विकायचं.

पहिला तुकडा फक्त शोधाचा: मुदत ठरलेली, किंमत ठरलेली, समजा दोन आठवडे. त्यातून काय हातात पडेल ते आधीच लिहायचं: कामाच्या पायऱ्यांचं चित्र, मुख्य पाच-सहा स्क्रीनचे साधे आराखडे, डेटाची रचना, उघड्या प्रश्नांची यादी, आणि पुढच्या कामाचा अरुंद पल्ल्याचा अंदाज. हे सगळं क्लायंटच्या मालकीचं. पुढचं काम त्याने दुसऱ्याकडून करून घेतलं तरी चालेल, असं लिहून द्या. या एका ओळीने शोधाचे पैसे मागणं सोपं जातं. फुकट मात्र करू नका. फुकटच्या शोधात क्लायंटची नेमकी माणसं भेटायला वेळ काढत नाहीत.

दुसऱ्या तुकड्याचा अंदाज भागाभागाने तीन आकड्यांत काढायचा. सगळं सुरळीत गेलं तर ४ आठवडे, बहुधा ६, अडलं तर १४. (४ + ४×६ + १४) ÷ ६ = ७. त्या सातपेक्षा ४ आणि १४ मधलं अंतर जास्त बोलकं आहे. ज्या भागात ते सगळ्यात मोठं, तिथे माहिती कमी आहे. पुढचे प्रश्न त्याच भागाचे विचारायचे. प्रश्नांचा क्रम असा अंदाजातूनच निघतो, साठ प्रश्नांचा फॉर्म लागत नाही.

आणि गृहीतकं किमतीसकट लिहा. 'एकच गोदाम धरलं आहे' एवढं पुरत नाही. 'एकच गोदाम धरलं आहे. दुसरं आल्यास सुमारे ३ आठवडे वाढतील' असं लिहिलं की क्लायंट ती ओळ वाचतो. 'यात नाही' अशी स्वतंत्र यादीही हवी. जुना डेटा भरून देणं, प्रशिक्षण आणि छपाईचे नमुने या तीन गोष्टींवरून हमखास वाजतं.

शून्यस्पर्श

अस्पष्ट रिक्वायरमेंटचं सगळ्यात महागडं उदाहरण म्हणजे मंगळाकडे गेलेलं ते यान. एकाने मेट्रिक धरलं, दुसऱ्याने पौंड. १९९९.

तिसरीघंटा

शून्यस्पर्श, ते उदाहरण इथे नेहमी चुकीचं वापरलं जातं. मार्स क्लायमेट ऑर्बिटरच्या बाबतीत इंटरफेसच्या कागदात (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याला आकडे कसे द्यायचे ते सांगणाऱ्या) न्यूटन-सेकंद हे मेट्रिक एकक स्पष्ट लिहिलेलं होतं. जमिनीवरच्या सॉफ्टवेअरने आकडे पौंड-फोर्स सेकंदांत दिले आणि ते कागदाशी ताडून पाहिले गेले नाहीत. म्हणजे मागणी स्पष्ट असूनही यान गेलं. धडा घ्यायचाच तर हा की प्रत्येक लिहिलेल्या ओळीसमोर 'हे कसं तपासणार' हा रकाना हवा. ज्या ओळीसमोर तो भरता येत नाही ती एकतर अस्पष्ट आहे, नाहीतर सजावट.

शून्यस्पर्श

दुरुस्ती मान्य. :)

अक्षरओळ

अवांतर आहे पण राहवत नाही. मराठीत लिहिलेल्या रिक्वायरमेंटची खास दुखणी कर्मणी आणि भावे प्रयोगातून येतात. 'मंजुरी घेतली जावी.' कोणी? 'साठा कमी झाल्यास कळवले जावे.' कोणी, कोणाला, कशाने? शाळेत वाक्यातला कर्ता शोधायला लावायचे तो इथे कामाला येतो. कर्ता सापडला नाही तर ते वाक्य परत पाठवा. त्यात भर म्हणजे क्रियापदाची रूपं: 'दाखवतो', 'दाखवेल', 'दाखवावे', 'दाखवता आले पाहिजे'. पहिलं आजच्या पद्धतीचं वर्णन की मागणी, हेच कळत नाही. 'दाखवावे' ही सूचना की सक्ती?

इंग्रजीत यावर १९९७ च्या आरएफसी २११९ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचे कागद) तोडगा आहे. मस्ट, शुड, मे यांचे अर्थ तिथे बांधून दिले आहेत. शुड म्हणजे सबळ कारण असेल तरच सोडायचं, आणि सोडल्याचे परिणाम समजून घेऊन. मराठीत कागद करायचा असेल तर पहिल्या पानावर तीनच रूपं ठरवून टाका: 'पाहिजे' म्हणजे सक्तीचं, 'असावे' म्हणजे कारणाशिवाय सोडायचं नाही, 'चालेल' म्हणजे ऐच्छिक. चौथं रूप दिसलं की लाल खूण.

आणि 'वगैरे', 'इत्यादी', 'शक्यतो', 'योग्य तो', 'वेळोवेळी', 'सर्व' हे शब्द शोधून काढायचे. फाइलमध्ये शोध घ्यायला मिनिटही लागत नाही. 'सर्व' सगळ्यात लबाड: सर्व वापरकर्ते म्हणजे काढून टाकलेलेही?

अर्धविराम

आता मला सगळीकडे कर्ता दिसेनासा झाला आहे. ('झाला आहे': कोणी केला?)

सुतारपक्षी

'रिपोर्ट वगैरे सगळे' राहिलं. अक्षरओळींनी 'वगैरे' पकडलं, पण अडचण 'रिपोर्ट'मध्येही आहे.

प्रत्येक रिपोर्टसाठी चार गोष्टी: वाचणार कोण, कुठल्या दिवशी, वाचून कुठला निर्णय घेणार, आणि आकडा विचित्र दिसला तर कोणाला फोन करणार. तिसऱ्याला उत्तर नसेल तर तो रिपोर्ट पहिल्या खेपेत घेऊ नका. आज छापला जाणारा कागद हातात घ्या आणि पेनने कुठे खूण केली आहे ते बघा. वीस कॉलममधले दोनच वाचले जात असतात.

हे आधी का विचारायचं, तर रिपोर्टवरून डेटा ठरतो. तुम्ही प्रत्येक मालापुढे फक्त 'शिल्लक' ठेवलीत आणि आवक-जावक झाली की तोच आकडा बदलत गेलात, तर '३१ तारखेला किती होतं' हे कधीच सांगता येणार नाही. त्यासाठी प्रत्येक हालचाल वेगळी ओळ म्हणून टिकवावी लागते आणि शिल्लक त्यातून काढावी लागते. चुकलेली ओळ पुसायची नाही, उलटी ओळ टाकायची. 'साधंच करा' म्हटल्यावर पहिल्या प्रकारे केलेलं काम पहिल्याच महिनाअखेरीला उघडं पडतं.

गेरू

आता 'मॉडर्न' आणि 'मजा येत नाहीये'. दोन्हींवर एकच उपाय: विशेषणावर चर्चाच करायची नाही, वस्तू समोर ठेवून करायची.

सुरुवातीला क्लायंटला सहा-आठ चालू अ‍ॅपची चित्रं दाखवा, मुद्दाम एकमेकांपासून लांबची. दाट माहितीचं एक, मोकळ्या जागेचं एक, रंगीत एक, जवळजवळ बिनरंगाचं एक. 'आवडलं का' विचारू नका. 'यातलं काय तुमच्या माणसांना चालणार नाही, आणि का' विचारा. नापसंतीची कारणं नेमकी येतात. 'मॉडर्न' म्हणणारा दाट माहितीचं अ‍ॅप बघून 'आमच्या लोकांना हेच लागतं' म्हणतो, आणि तुमचे मोकळ्या जागेचे तीन आठवडे वाचतात.

मग आराखडा करड्या रंगात, खऱ्या डेटासह. रंग घातलेला पहिला नमुना दाखवला की सगळी बैठक निळ्यावर जाते आणि पायऱ्या चुकल्या आहेत हे कोणी बघत नाही. पायऱ्यांना होकार लेखी घेऊन मगच रंग. रंग ठरवताना वाद घालू नये अशा गोष्टी वेगळ्या काढा: साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१, मोठ्या मजकुराला ३:१. हे डब्ल्यूसीएजीच्या (वेबवरचा मजकूर सगळ्यांना वापरता यावा यासाठीचे निकष) एए या मधल्या पातळीचे आकडे आहेत, आवडीचा प्रश्न नाही. अंधारलेल्या गोदामात आणि उन्हात दोन्हीकडे वाचायचं असेल तर त्याहून जास्तच ठेवा. देवनागरी असेल तर ओळींमधलं अंतर वाढवा. इंग्रजीच्या मापाने ठेवलं की वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांत घुसतात.

'मजा येत नाहीये' आलं तर बचाव करू नका. तीन प्रश्न: ही स्क्रीन वापरून कुठलं काम करताना अडलं? कुठल्या भागाकडे नजर आधी गेली, आणि जायला कुठे हवी होती? हे मत तुमचं की वापरणाऱ्याचं? 'लोगो मोठा करा' हेही असंच. त्यामागे बहुधा 'हे आमचं वाटत नाही' असतं, आणि ते लोगोने सुटत नाही.

फेऱ्या किती हे आधी ठरवा, समजा तीन, आणि 'फेरी' म्हणजे काय तेही: क्लायंटच्या बाजूच्या सगळ्यांची मतं एकत्र करून, आपसातले विरोध मिटवून, एका माणसाने पाठवलेली एक यादी. पाच जणांचे पाच मेल म्हणजे फेरी नव्हे.

निळीशाई

गेरू, तो 'एक माणूस' क्लायंटने नेमलाच नाही तर?

नऊवाजता

त्याचं नाव करारातच घालायचं. पदनाम नको, नाव, आणि तो रजेवर असेल तर कोण हेही. बैठकीनंतर त्याच दिवशी छोटा मेल: काय ठरलं, काय उघडं राहिलं, उत्तर कोण देणार, कधीपर्यंत, आणि तोवर उत्तर आलं नाही तर आम्ही काय धरून चालू. शेवटचं वाक्य विसरू नका. निर्णय लटकत राहण्यापेक्षा चुकीचं गृहीतक बरं, ते वाचून लोक लगेच उत्तर देतात.

बदल की चूक यावरून वाद झाला तर कसोटी सोपी आहे. आधी लिहिलेलं वाचून टेस्टरने नापास केलं असतं का? हो, तर चूक आपली, फुकट दुरुस्ती. लिहिलेलं त्याच्या उलट असेल तर बदल, वेगळे पैसे. लिहिलेलं त्याबद्दल गप्पच असेल तर तो खुलासा. अशा खुलाशांसाठी अंदाजात आधीच १०-१५ टक्के वेळ राखून ठेवा, नाहीतर दर खुलाशाला भांडण.

पाणकावळा

हे शेवटचं माझ्या बाजूचं आहे. कागद कितीही केला तरी गप्प जागा राहणारच.

शून्यस्पर्श

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे). दोनदा पडला.

कोरापान

सगळ्यांचे आभार. फॉर्मचं मत मागे घेतो. वरच्या मेलचा पहिला भाग इथल्या सूचनांनुसार पुन्हा लिहून बघितला. ठोका:

"माल आल्यावर गोदामातला माणूस मोबाइलवर आवक नोंदवू शकला पाहिजे. मालाचं नाव, संख्या आणि एकक (बॉक्स किंवा नग) भरणं पाहिजे. पावती क्रमांक नंतर भरला तरी चालेल. पावती क्रमांक भरेपर्यंत नोंद 'अपुरी' राहील. तो माल साठ्यात दिसला पाहिजे, पण बाहेर पाठवता आला नाही पाहिजे. जतन करणे: ५ लाख नोंदी व ५० वापरकर्ते असताना १०० पैकी ९५ वेळा १ सेकंदाच्या आत. धरलेलं: गोदाम एक, नेट कायम उपलब्ध. यात नाही: जुन्या एक्सेलमधला डेटा भरणे."

अक्षरओळ

कर्ता आहे, रूपं दोनच वापरली आहेत, 'वगैरे' नाही. फक्त 'राहील' हे तिसरं रूप घुसलंय. 'राहिली पाहिजे' करा.

तिसरीघंटा

चांगलं आहे. माझी एकच खूण: 'माल आल्यावर'. गाडी दारात लागली तेव्हा, उतरवून झाल्यावर, की मोजून झाल्यावर? तिन्हीला संख्या वेगळी असू शकते. पहिल्या वेळी कागदावरची, तिसऱ्या वेळी खरी.

अर्धविराम

आणि मोजल्यावर कमी भरला तर?

खुणेचादगड

तर दोन्ही संख्या ठेवायच्या की एकच, हा प्रश्न गोदामवाल्याला आणि हिशेबवाल्याला वेगवेगळं गाठून विचारायचा. कोरापान, ही ओळ उघड्या प्रश्नांत सगळ्यात वर घाला.